गोरखा ते पाटण: कार्तिकातला नेपाळ

कार्तिक शुद्ध अष्टमी. सुनौली ते गोरखा

नेपाळला जाणारा आपला माणूस बहुतेक पशुपतिनाथ, पोखरा आणि मुक्तिनाथ करून परततो. त्यात वावगं काही नाही. पण ज्या देशाशी आपले देव जुळतात, तिथी जुळतात, लिपी जुळते, त्याच्या इतिहासातल्या चार ठळक गोष्टीही आपल्याला ठाऊक नसतात, याची मला बरेच दिवस रुखरुख होती. म्हणून या वेळी विमानाने थेट काठमांडूला उतरायचं टाळलं. अठराव्या शतकात पृथ्वीनारायण शाह ज्या क्रमाने पुढे सरकला, त्याच क्रमाने जायचं ठरवलं: आधी गोरखा, मग नुवाकोट, मग काठमांडूचं खोरं. सत्ता जिथे जिथे बसली ते दरबार पाहायचे, आणि सत्ता उठून गेल्यावर तिथे काय उरलं तेही पाहायचं.

गोरखपूरला गोरखनाथाच्या मठात दर्शन घेऊन सुनौली गाठली. ओळखपत्र दाखवलं, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं आणि बसमध्ये बसलो. बुटवल ते नारायणगढ रस्त्याचं रुंदीकरण कित्येक वर्षं चाललं होतं, त्यामुळे खिडकी बंद ठेवूनही अंगावर धूळच धूळ. मुगलिनला त्रिशूली नदी भेटली, आंबूखैरेनीला गोरख्याचा फाटा लागला. पोचेपर्यंत अंधार पडला होता. डाळ, भात, गुंद्रुकची भाजी खाऊन झोपलो.

नवमी. गोरखा

सकाळी दगडी पायऱ्या चढून दरबारात गेलो. उत्तरेला मनासलू आणि हिमालचुली इतके स्वच्छ दिसत होते की बराच वेळ पाय हलेनात. दरबार डोंगराच्या अगदी धारेवर आहे. राजवाडा म्हणून जी कल्पना आपण घेऊन जातो तिच्या मानाने तो लहान वाटतो. विटांच्या भिंती, कोरीव लाकडी खिडक्या, एका अंगाला कालिकेचं देऊळ आणि खाली गोरखनाथाची गुहा. चामड्याची वस्तू आत नेता येत नाही. पट्टा काढून ठेवावा लागला.

हे राज्य उभं राहिलं १५५९ मध्ये. जवळच्या लिगलिग कोटावर दरवर्षी शर्यत लावून पळण्यात पहिला येईल त्याला राजा करायची रीत होती, आणि द्रव्य शाहाने ती रीत मोडून गादी घेतली, अशी इथली परंपरा सांगते. शाह घराणं आपलं मूळ चितोडला नेतं. शिवराज्याभिषेकाच्या वेळी भोसल्यांचं मूळही मेवाडच्या सिसोदियांशी जोडलं गेलं होतं. सतराव्या शतकात राजा म्हणून मान्यता हवी असेल तर चितोड किती लांबवर पोचत होतं, हे इथे उभं राहिल्यावर कळतं.

द्रव्य शाहाच्या वंशातला राम शाह न्यायासाठी प्रसिद्ध झाला. त्याने वजनं-मापं ठरवून दिली, सावकाराच्या व्याजाला मर्यादा घातली. ‘न्याय नपाए गोर्खा जानू’, म्हणजे न्याय मिळाला नाही तर गोरख्याला जा, ही म्हण नेपाळी माणसाच्या तोंडात आजही आहे. मला वाटतं, पृथ्वीनारायणाला पुढे जे साधलं त्याचा पाया या म्हणीत आहे. डोंगरातल्या गरीब राज्याकडे पैसा नव्हता, पण रयतेचा विश्वास होता.

पृथ्वीनारायण १७४३ मध्ये गादीवर आला तेव्हा वय वीस. त्या वेळी आजच्या नेपाळच्या जागी पन्नासएक लहान राज्यं होती. काठमांडू खोऱ्यातली तीन मल्ल राज्यं त्यांत सर्वांत श्रीमंत, आणि त्या श्रीमंतीचं एक मोठं कारण नाणी. तिबेटला स्वतःची टांकसाळ नव्हती. तिबेटी चांदी खोऱ्यात यायची, मल्ल राजे तिची नाणी पाडून परत पाठवायचे आणि मधला फायदा ठेवून घ्यायचे. तिबेटला जाणाऱ्या केरुंगच्या वाटेवर नुवाकोट आहे. तरुण राजाची नजर आधी नुवाकोटवर गेली ती त्यामुळे. पहिली स्वारी फसली. मग तो काशीला गेला, बंदुका आणि त्या चालवणारी माणसं घेऊन आला, आणि १७४४ मध्ये नुवाकोट घेतलं.

उतरताना एका दुकानात चहा घेतला. दुकानदार दिदी २०१५ च्या भूकंपाबद्दल बोलत होत्या. २५ एप्रिलच्या त्या ७.८ क्षमतेच्या भूकंपाचं केंद्र याच जिल्ह्यात, बारपाकला होतं. देशभरात जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. गोरखा आणि नुवाकोट या दोन जिल्ह्यांत भारताच्या मदतीने पन्नास हजार घरं पुन्हा बांधली गेली, त्यातलं एक त्यांच्या भावाचं. “घर झालं, पण त्यात राहायची पोरं कतारला,” दिदी म्हणाल्या.

दशमी. नुवाकोट

नुवाकोटचा सात मजली दरबार मला गोरख्याहून जास्त आवडला. बाहेरून पाहिलं तर काठमांडू खोऱ्यातल्या मूळच्या नेवार समाजाच्या कारागिरांचा हात लगेच ओळखू येतो. राजा गोरख्याचा, पण वाडा बांधताना त्याने शैली शत्रूची घेतली. ज्यांना जिंकायचं होतं त्यांच्या घरांवर त्याचं मन बसलं होतं, असं मला तो वाडा पाहताना सारखं वाटत राहिलं.

इथे बसून त्याने वीस-पंचवीस वर्षं वाट पाहिली. खोऱ्यात जाणारं मीठ आणि कापूस अडवला, एकेक डोंगर, एकेक घाट ताब्यात घेतला. १७६७ मध्ये मल्ल राजांच्या मदतीला ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन किनलॉकची पलटण धाडली. सिंधुलीच्या जंगलात गोरख्यांनी तिला परतवून लावलं. त्या वेळी पुण्यात थोरले माधवराव पेशवे होते आणि पानिपताला सहा वर्षं झाली होती. पुढे या दोन सत्तांचं काय झालं याचा विचार मनातून जात नाही. इंग्रजांशी लढून नेपाळने १८१६ च्या सुगौली तहात सिक्कीम, कुमाऊं, गढवाल आणि तराईचा मोठा भाग घालवला, पण राज्य राखलं. दोन वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई संपली.

पृथ्वीनारायण १७७५ मध्ये इथेच, खाली देवीघाटाजवळ वारला. अखेरच्या दिवसांत त्याने जे सांगितलं ते ‘दिव्य उपदेश’ म्हणून जपलं गेलं आहे. आपलं राज्य दोन दगडांमध्ये सापडलेल्या कंदासारखं आहे, उत्तरेच्या बादशहाशी सख्य ठेवा, दक्षिणेच्या बादशहाशीही ठेवा, पण दक्षिणेचा फार चतुर आहे, हे त्यातलं वाक्य नेपाळमधला शाळकरी मुलगाही सांगतो. तो गेल्यावर वीस वर्षांच्या आतच दोन्ही दगडांचा भार जाणवला. नाण्यांवरूनच तिबेटशी भांडण पेटलं आणि १७९२ मध्ये चिनी फौज नुवाकोटच्या खाली, बेत्रावतीपर्यंत येऊन थडकली.

संध्याकाळच्या जीपने काठमांडू.

एकादशी. चांगुनारायण आणि भक्तपूर

आज कार्तिकी. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात गर्दी असेल, इथे चांगुनारायणाच्या टेकडीवर होती. नेपाळात ही हरिबोधिनी एकादशी. खोऱ्याच्या चार दिशांना चार नारायण आहेत आणि आज एका दिवसात चारही करायची रीत आहे. पहाटे निघालेली माणसं धापा टाकत वर येत होती. हातात फुलं, डोक्यावर तुळशीची मंजिरी, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी ‘नारायण, नारायण’. त्यांच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा परक्या देशात आहे असं क्षणभरही वाटलं नाही.

देवळासमोर गरुड हात जोडून गुडघ्यावर बसला आहे आणि बाजूला राजा मानदेवाचा शिलास्तंभ. शके ३८६, म्हणजे इसवी सन ४६४. नेपाळच्या इतिहासातला, ज्यावर तारीख आहे असा हा सर्वांत महत्त्वाचा जुना लेख. शकगणना आपलीच असल्याने ३८६ हा आकडा मनात लगेच बसतो.

या लेखातली गोष्ट मला फार मोलाची वाटते. लिच्छवी राजा धर्मदेव अचानक वारला. राणी राज्यवती सती जायला निघाली. मुलगा मानदेव तिच्या पाया पडला आणि म्हणाला, तू गेलीस तर मला हे सुख काय करायचं, आधी मीच प्राण देतो. आई थांबली. तिने पतीचे अंत्यविधी केले, आणि मुलगा पुढे गंडकी ओलांडून शत्रूवर चालून गेला. राजाच्या विजयस्तंभावर सुंदर संस्कृतात सर्वांत ठळक जागा मिळाली आहे ती आईला मरणापासून अडवल्याच्या हकीगतीला. नेपाळात सतीवर कायद्याने बंदी आली १९२० मध्ये. मधली साडेचौदाशे वर्षं हा दगड इथेच उभा होता.

दुपारी भक्तपूर. ज्याला नेपाळची कला एका चौकात पाहायची असेल त्याने इथे यावं. १४८२ मध्ये यक्ष मल्ल वारला आणि खोऱ्याची वाटणी झाली, काठमांडू, पाटण, भक्तपूर. तीन दरबारांचं वैर एवढं की एकाने देऊळ बांधलं की दुसऱ्याला त्याहून उंच हवं. राजकारण म्हणून ही फूट घातक होती, पण तिच्यातूनच ही शहरं घडली. भूपतींद्र मल्लाचा १७०२ चा न्यातपोल पाच चौथऱ्यांवर पाच छपरं घेऊन उभा आहे. १९३४ चा भूकंप आणि २०१५ चा भूकंप, दोन्ही त्याने झेलले. कट्ट्यावर बसून मातीच्या वाटीतलं जुजु धौ खाल्लं, घट्ट, किंचित गोड दही.

इथला शेवटचा राजा रणजित मल्ल. १७५३ मध्ये दरबाराला सोन्याचं द्वार याच रणजिताने बसवलं. पृथ्वीनारायण तरुणपणी त्याच्या आश्रयाला भक्तपुरात राहून गेला होता. १७६९ मध्ये शहर पडलं तेव्हा म्हाताऱ्या राजाने काशीला जायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. खोरं सोडताना त्याने म्हटलेलं विलापगीत नेवार भजनांत अजून गातात. काठमांडूचा जयप्रकाश मल्ल जखमी होऊन पशुपतीच्या घाटावर वारला. मल्लांचं राज्य असं संपलं.

द्वादशी. कीर्तिपूर, हनुमानढोका, थापाथली

सकाळी कीर्तिपूरला गेलो, कारण एकीकरणाची ही बाजू न पाहता पुढे जाणं मला पटलं नसतं. काठमांडूच्या नैऋत्येला टेकडीवरचं हे लहान नेवार गाव. १७५७ मध्ये गोरख्यांनी हल्ला केला तेव्हा गावकऱ्यांनी तो मोडला आणि सेनापती काळू पांडे मारला गेला. पुढच्या लढाईत राजाच्या भावाचा डोळा गेला. तिसऱ्या वेढ्यानंतर गाव हाती आलं तेव्हा विजेत्यांनी पुरुषांची नाकं कापली. फुंकून वाद्य वाजवणाऱ्यांना तेवढं वगळलं, असं त्या काळी खोऱ्यात असलेल्या एका कॅपुचिन पाद्र्याने लिहून ठेवलंय. किती जणांची, याबद्दल इतिहासकारांत वाद आहेत. बाघभैरवाच्या देवळाच्या भिंतीवर, छपराखाली, त्या लढाईतल्या तलवारी आणि ढाली अजून लटकवलेल्या आहेत. पाठ्यपुस्तकातला राष्ट्रनिर्माता आणि या भिंतीवरच्या तलवारी, दोन्ही खरे आहेत. पृथ्वीनारायण मोठा होता हे मी मानतो. पण कीर्तिपूरचा माणूस त्याचा जयजयकार करायला कचरतो, त्याला देशद्रोही म्हणणं फार अन्यायाचं आहे.

तिथून हनुमानढोका. १६७२ मध्ये प्रताप मल्लाने बसवलेला शेंदराने माखलेला मारुती दारात आहे. हा राजा विद्येचा मोठा शौकीन. १६५४ मध्ये त्याने भिंतीत एक शिळा बसवली, तिच्यावर पंधरा भाषा-लिप्यांत अक्षरं आहेत आणि मधेच फ्रेंच शब्दही. मल्लांची कुलदेवता तलेजु भवानी. तिचं देऊळ सामान्य लोकांना वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या नवमीला उघडतं.

१७६८ मध्ये इंद्रजात्रेच्या दिवशी, शहर उत्सवात असताना, गोरखे आत शिरले. त्या दिवशी कुमारी, म्हणजे जिवंत देवी म्हणून पुजली जाणारी नेवार बौद्ध शाक्य कुळातली मुलगी, राजाला टीका, म्हणजे टिळा, लावते. जयप्रकाश पळाला आणि टीका पृथ्वीनारायणाने घेतली. जात्रा थांबवली नाही. दुसरं कोणी असतं तर पराभूतांचा उत्सव बंद पाडला असता. त्याने स्वतःला त्या उत्सवात बसवलं. पुढे २००८ मध्ये राजेशाही गेली, तेव्हा टीका घ्यायला राष्ट्रपती येऊ लागले. त्याच वर्षी नव्या प्रजासत्ताकाचे माओवादी अर्थमंत्री बाबुराम भट्टराई यांनी जात्रेतल्या बळींचा सरकारी पैसा कापला. नेवार लोक रस्त्यावर उतरले, शहर ठप्प झालं आणि सरकारला माघार घ्यावी लागली. बळी मला रुचत नाही. पण लोकांचा राग समजतो: राजाने दिलेला शब्द सरकार बदललं म्हणून मोडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

चौकातच गद्दी बैठकीची पांढरी युरोपी धाटणीची इमारत आहे, राणा घराण्यातल्या पंतप्रधान चंद्रशमशेरने १९०८ मध्ये बांधलेली. भूकंपानंतर ती अमेरिकेच्या मदतीने सावरली, तिच्यामागचा नऊ मजली वाडा चीनच्या मदतीने. दोन पावलांवरचं काष्ठमंडप मात्र २०१५ मध्ये पूर्ण कोसळलं आणि २०२२ पर्यंत इथल्या लोकांनी स्वतः जमून, जुन्या पद्धतीने पुन्हा उभारलं. ढिगारा उपसताना केलेल्या उत्खननात त्याचा पाया सातव्या शतकापर्यंत मागे गेला. शहराला ज्या वास्तूने नाव दिलं ती परक्या पैशावाचून उभी आहे, हे पाहून मन भरून आलं.

जवळच कोत, म्हणजे जुनं शस्त्रागार. १४ सप्टेंबर १८४६ च्या रात्री इथे दरबाऱ्यांची कत्तल झाली आणि पहाटेपर्यंत जंगबहादुर राणा सर्वेसर्वा झाला. त्यानंतर १०४ वर्षं राजा ‘श्री ५’ आणि राणा पंतप्रधान ‘श्री ३’. पहिल्याकडे मुकुट, दुसऱ्याकडे सगळं. १८५७ मध्ये जंगबहादुर इंग्रजांच्या बाजूने लखनौवर फौज घेऊन गेला आणि बदल्यात पश्चिम तराई परत मिळवली. त्याच माणसाने बेगम हजरत महलला आसरा दिला. १८७९ मध्ये ती इथेच वारली. जामे मशिदीजवळ तिची कबर आहे. नानासाहेब पेशवे १८५९ मध्ये तराईच्या जंगलात शिरले आणि इतिहासातून नाहीसे झाले. त्यांच्या घरच्या स्त्रियांना जंगबहादुराने काठमांडूत, थापाथलीच्या बाजूला ठेवून घेतलं. संध्याकाळी बागमतीच्या काठाने थापाथलीपर्यंत चालत गेलो. पेशव्यांच्या घरातल्या बायकांनी या नदीकाठी परक्या मुलखात आयुष्य काढलं, आणि आपल्याकडे त्यांची आठवण कुणी काढत नाही.

त्रयोदशी. सिंहदरबार आणि नारायणहिटी

सिंहदरबार बाहेरूनच पाहिला. चंद्रशमशेरने १९०८ च्या सुमारास बांधलेला हा अवाढव्य वाडा पुढे देशाचं मंत्रालय झाला. १९७३ मध्ये त्याचा मोठा भाग जळाला, पुढची बाजू वाचली. २०२५ मध्ये ९ सप्टेंबरला पुन्हा जळाला. आदल्या दिवशी समाजमाध्यमांवरची बंदी आणि भ्रष्टाचार यांविरुद्ध निघालेल्या तरुणांच्या मोर्चावर गोळीबार होऊन १९ जण गेले होते. पुढे मृतांची संख्या सत्तरवर गेली. संसद, सर्वोच्च न्यायालय, मंत्र्यांची घरं पेटली, पंतप्रधान ओली पायउतार झाले आणि १२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, त्याही हंगामी. गोळीबाराच्या दिवशी आपल्याकडे गणपती विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते, इथे इंद्रजात्रा चालू होती. काळवंडलेल्या खांबांकडे पाहताना गणवेशात गेलेल्या मुलांचं दुःख आधी मनात येतं. मग जळालेल्या कागदपत्रांचं. दोन्ही नुकसान भरून येणारं नाही.

राणांच्या काळात काय मनाई होती हे ऐकलं की ही चीड कुठून येते ते थोडं कळतं. १९३० मध्ये काही लोकांनी सार्वजनिक वाचनालय उघडायची परवानगी मागितली म्हणून त्यांना दंड झाला. गावोगाव वाचनालयं काढणाऱ्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे खरं वाटणार नाही. नेवारी भाषेत लिहिणं हाही गुन्हा ठरे. कवी चित्तधर ‘हृदय’ यांनी बुद्धाच्या जीवनावरचं महाकाव्य तुरुंगात रचलं. १९४१ मध्ये शुक्रराज शास्त्री, धर्मभक्त माथेमा, दशरथ चंद आणि गंगालाल श्रेष्ठ यांना मारण्यात आलं. शहीद गेटवर त्यांचे पुतळे आहेत.

दुपारी नारायणहिटी, शाह राजांचा शेवटचा राजवाडा. कॅमेरा, फोन दारातच ठेवावे लागतात. आत जिन्यापाशी पेंढा भरलेले वाघ, दालनांना जिल्ह्यांची नावं, सिंहासनाची ‘गोरखा बैठक’ आणि डोक्यावर प्रचंड झुंबर. राजवाडा म्हणून तो मला आवडला नाही. १९६० च्या दशकातली ही इमारत खोऱ्यातल्या कुठल्याही वाड्याशी नातं सांगत नाही. पण विसाव्या शतकातला नेपाळ इथेच कळतो.

६ नोव्हेंबर १९५० ला राजा त्रिभुवन कुटुंबासह सहलीचं निमित्त करून निघाला आणि गाड्या भारतीय दूतावासात वळवल्या. राणांनी घाईने मागे राहिलेल्या तीन वर्षांच्या नातवाला, ज्ञानेंद्रला, गादीवर बसवलं. तो डाव फसला. दिल्लीत समझोता झाला आणि १८ फेब्रुवारी १९५१ ला राणाशाही संपली. १९५९ च्या पहिल्या निवडणुकीत नेपाळी काँग्रेसने १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या. पंतप्रधान विश्वेश्वरप्रसाद कोइराला दीड वर्षच टिकले. १५ डिसेंबर १९६० ला राजा महेंद्रने त्यांना अटक केली, पक्षांवर बंदी घातली आणि राजाच्या हाताखालची, पक्ष नसलेली पंचायत व्यवस्था आणली. एक राजा, एक भेष, एक भाषा, एक देश ही तिची घोषणा. शंभराहून जास्त भाषांच्या देशात! नेपाळचं सर्वांत जास्त नुकसान याच तीस वर्षांत झालं असं माझं मत झालंय. रस्ते, शाळा, कारखाने झाले हे कबूल. पण बोलायची सवय मोडली, आणि मधेशी (तराईतले लोक), जनजाती, दलित यांच्या मनात जे साठलं ते पुढे फुटलं.

१९९० च्या जनआंदोलनाने पक्ष परत आले. १९९६ मध्ये माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं, दहा वर्षांत तेरा हजारांहून जास्त माणसं गेली. मधेच १ जून २००१ ची रात्र. बागेत त्रिभुवन सदनाची जागा आहे. मूळ इमारत नंतर पाडली. कोण कुठे पडलं ते पाट्यांवर लिहिलंय. राजा वीरेंद्र, राणी ऐश्वर्या यांच्यासह घराण्यातली दहा माणसं त्या गोळीबारात गेली. चौकशी समितीने युवराज दीपेंद्रला जबाबदार धरलं. बागेत भेटलेल्यांपैकी कुणीच ते मानत नव्हतं. गोरख्याहून सहलीला आलेल्या एका आजोबांनी पायातले जोडे काढले, त्या जागेच्या कडेला हात टेकवला आणि नमस्कार केला. त्यांना मी काही विचारलं नाही.

त्या रात्रीनंतर ज्ञानेंद्र दुसऱ्यांदा राजा झाला, तीन वर्षांचा असताना बसवलेला तोच. २००५ मध्ये त्याने सगळी सत्ता हातात घेतली, २००६ च्या एप्रिलमध्ये लाखो लोकांनी ती काढून घेतली. २८ मे २००८ ला संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली. ११ जूनला तो या वाड्यातून बाहेर पडला, रक्त न सांडता. २०१५ मध्ये संविधान आलं, सात प्रांत झाले, पण पुढच्या दहा वर्षांत स्थिर सरकार आलं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये याच माजी राजाच्या स्वागताला विमानतळावर मोठी गर्दी जमली होती. मुकुट इथे काचेच्या पेटीत आहे. त्याच्यासमोर सर्वांत जास्त वेळ थांबत होती ती विशी-बाविशीची मुलं.

चतुर्दशी. पाटण

शेवटचा मुक्काम पाटणला ठेवला ते बरं केलं. सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ मध्ये उभारलेलं दगडी कृष्णमंदिर आहे, दरबारातलं वस्तुसंग्रहालय आहे, त्यातल्या पितळी मूर्ती पाहायलाच अर्धा दिवस लागतो. पण मी सर्वांत जास्त वेळ मंगहिटीवर घालवला. जमिनीखाली उतरत्या पायऱ्या आणि तळाशी मगरमुखी दगडी धारा. इसवी सन ५७० चा हा पाणवठा, आणि बायका आजही घागरी भरत होत्या. लिच्छवी, मल्ल, शाह, राणा, पंचायत, प्रजासत्ताक. पाणी या सगळ्यांतून वाहत राहिलं आहे.

ते आपोआप वाहिलेलं नाही. त्याच्यामागे गुठी आहे. कुणी राजाने, कुणी व्यापाऱ्याने जमीन देवाच्या नावे लावून दिलेली असते. तिच्या उत्पन्नातून हिटीची सफाई, देवळाचा दिवा, जात्रेचा रथ, वाद्यांची कातडी हे सगळं चालतं. गुठीत ठरलेली घराणी असतात आणि दरवर्षी काम पाळीने एकेका घराकडे जातं. आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखंच, फक्त इथे पुजाऱ्याच्या घराऐवजी अख्खी आळी जबाबदार. पाटणचा रातो मच्छिंद्रनाथ याच बळावर दरवर्षी रथात बसतो. हिंदूंना तो मत्स्येंद्रनाथ, बौद्धांना करुणामय अवलोकितेश्वर. ज्ञानेश्वरांनी सांगितलेल्या गुरुपरंपरेत आदिनाथानंतर ज्याचं नाव येतं तोच हा, आणि इथे त्याला ओढायला बौद्ध वज्राचार्य आणि हिंदू शेतकरी एकाच दोरीला हात लावतात.

रात्री दरबारासमोरच्या दबलीवर, म्हणजे उघड्या चौथऱ्यावर, कार्तिक नाच होता. हाही सिद्धिनरसिंहाने सुरू केला. ढोलकी, झांजा, जुन्या नेवारीतली पदं, लाकडी मुखवटे. नरसिंहाने हिरण्यकशिपूला धरलं की दैत्य झालेला माणूस खरोखर बेशुद्ध पडतो, त्याला पाणी मारून शुद्धीवर आणावं लागतं. पाटणकर मुलाबाळांसह ओट्यावर बसून डोळे न हलवता पाहत होते.

नाच संपल्यावर वाद्यं आवरणाऱ्या एका वयस्क दाजूंशी (नेपाळीत थोरला भाऊ तो दाजू) बोललो. मोडक्या हिंदीत, मधेमधे नेपाळीत.

“दाजू, खर्च कोण देतं?”

“पूर्वी गुठीची शेतं होती. १९६४ मध्ये सरकारने गुठी संस्थान काढलं, जमिनी तिकडे गेल्या. संस्थान पैसे देतं, पण त्यात नाच होत नाही. मधे तर तो दोन रात्रींवर आला होता. आम्ही वर्गणी काढून पुन्हा वाढवला.”

२०१९ मध्ये सरकारने गुठ्यांचं उरलंसुरलं एका प्राधिकरणाकडे द्यायचा कायदा आणला तेव्हा जूनमध्ये काठमांडूतल्या मैतीघरला हजारो नेवार वाद्यं घेऊन उतरले होते आणि विधेयक मागे घ्यावं लागलं. दाजू तिथे होते. मी त्यांना कुळांबद्दल विचारलं. गुठीच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणारी माणसंही आहेत, त्यांनाही मालकी हवी आहे, त्यांचं म्हणणं चूक कसं म्हणायचं?

दाजू थोडं थांबले. “चूक नाहीच,” ते म्हणाले. “माझा साडूच कूळ आहे. त्याला शेत मिळालं पाहिजे आणि देवाला दिवा मिळाला पाहिजे. दोन्ही लिहिलेला कायदा आण म्हणतोय मी. इतकी सरकारं आली, तो कुणी अजून लिहिलेला नाही.” मग ढोलकीला गवसणी घालून त्यांनी ती आपल्या नातवाच्या खांद्यावर दिली, आणि उद्या पौर्णिमेच्या नाचाला लवकर येऊन जागा धरा असं मला बजावलं.